पाठीवरून मोजलेले वाघ

वनखात्याच्या शवविच्छेदनाच्या शेडमध्ये मेलेला वाघ आला की आधी मापाड्याला हाक जायची. खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी घेत नसे. एकतीस वर्षांत त्याने एकशे चौदा वाघ मोजले होते आणि त्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाकी चार प्रदेशांच्या छापील आकड्यांशी त्याची वही ताडली तर आपलेच वाघ सगळ्यांत लांब भरायचे. आपला तो बाब्या! माणसाला हे ऐकायला आवडतंच. त्याच्या मुलीचा अख्खा प्रबंध त्या वहीवर उभा होता आणि सोमवारी तो विद्यापीठात द्यायचा होता.

शुक्रवारी गाडीच्या धडकेने मेलेली वाघीण आली. मापाड्याने नाकाच्या शेंड्यापासून टेप लावली आणि डोक्यावरून, पाठीच्या उंचवट्यावरून शेपटीच्या टोकापर्यंत नेली. जनावरांचे डॉक्टर नुकतेच बदलून आले होते. ते बघतच राहिले.

"काका, पाठीवरून काय मोजताय? दोन्ही टोकांना खुंट्या ठोकायच्या, जनावर हलवायचं आणि मधलं सरळ अंतर घ्यायचं. बाकी सगळीकडे असंच मोजतात."

"आम्हाला तेव्हाच्या साहेबांनी हेच शिकवलं."

खुंट्या ठोकून पाहिलं. वाघीण चांगली वीतभर आखूड भरली. मापाड्याने वही उघडली.

"मग सगळ्यांतून वीतभर वजा केली तर?"

"ते कसं चालेल? धष्टपुष्टाची पाठ वेगळी, हडकुळ्याची वेगळी." जुने वाघ तर केव्हाच जाळून झाले होते. डॉक्टर भले माणूस. हळूच म्हणाले, "जाऊ द्या, मी कुठे बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मापाड्याने कळ काढली. शेवटी मुलीच्या टेबलाशी उभं राहून त्याने सगळं सांगून टाकलं.

तिने विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"डॉक्टरांना. ते बोलणार नाहीत."

"मग तुम्ही का बोललात, बाबा?"

चार वर्षं पोरगी खपली होती आणि तिच्या कष्टांवर आपणच पाणी ओतलं, एवढंच त्याला कळत होतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

तिने संगणकावर तक्ता उघडला, त्याच्या वाघांच्या सगळ्या ओळी निवडल्या आणि कळफलक त्याच्यापुढे सरकवला.

"मला नाही जमणार. तुम्हीच दाबा."

त्याने एका बोटाने कळ दाबली. एकशे चौदा वाघ गेले आणि बाकी चार प्रदेशांचे वाघ वर सरकले.