चौकीतली नवी माणसं पुटपुटतात

नव्या चौकीतली माणसं पुटपुटतात, असं मी घरात जाहीर करून टाकलं होतं. जुने नट कसे, शब्द न् शब्द दाणेदार. हे नवे म्हणजे तोंडात सुपारी धरून आकाशात गेलेले. माझे मिस्टर म्हणायचे, "तुला काय, जुनं तेवढं सोनं." मुलगी नुसती माझ्याकडे बघत बसायची. तेव्हा ती सातवीत होती. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील.

चौकी म्हणजे पोलिसांची नव्हे, हे आधीच सांगते. लग्न होऊन विठ्ठलवाडीला आले तेव्हा शेजारच्या वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "रोज उठून चौकीचं नाव काढतेस, कुणावर केस चालू आहे का गं?" ती टीव्हीवरची मालिका हो. परदेशी, पण हिंदीत बोलायची. खरं नाव लांबलचक होतं, आम्हा पोरांच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून आमच्यापुरती ती चौकी. आकाशाच्या पार टोकाला एक ठाणं, त्याच्या पुढे नुसता काळोख. वाट चुकलेली यानं त्या ठाण्याला हाका मारायची, आणि एक बाई कानाला यंत्र लावून त्या हाका ऐकायची, ज्याला त्याला घरचा रस्ता सांगायची.

रविवारी सकाळी लागायची. मी चौदा-पंधरा वर्षांची. आम्ही उल्हासनगरात चार नंबर कॅम्पात राहायचो आणि टीव्ही होता समोरच्या सिंधी काकींकडे. काकींचा नियम कडक: "पहिले पापड, फिर चौकी." म्हणून आम्ही गच्चीवर चादरी पसरून भराभरा पापड घालायचो, आणि पिठाच्या हातांनीच आत जाऊन बसायचो. बाकीच्या पोरांना लढाया आवडायच्या. मला ती ऐकणारी बाई. ती मान थोडी कलती करून म्हणायची, "बोलिए, हम सुन रहे हैं." समोरून नुसती खरखर असली तरी म्हणायची. मी घरी येऊन नारळाची करवंटी कानाला लावून तसंच म्हणायची, आणि आई म्हणायची, "ऐकतेयस ना? मग ऐक. पाणी भर."

दहावीला मी इंग्रजीत उडाले. पुढे काही शिकले नाही, जे आलं ते बघून बघून आलं. अंबरनाथला एका कंपनीत पाकिटं चिकटवायला लागले होते, तिथे टेलिफोनच्या बोर्डावरची बाई बाळंतपणाला गेली. मी तिच्या शेजारी बसून सगळी बटणं पाठ केली होती, म्हणून चार दिवसांसाठी मला बसवलं. त्या चार दिवसांची बारा वर्षं झाली. खोटं कशाला बोलू, कानाला तो हेडफोन लावला ना, की मला वाटायचं आपण चौकीवर पोचलो. बदलापुरातून कुणाचा भाऊ, कर्जतहून कुणाची बायको, सगळ्यांना मी ज्याच्या त्याच्या माणसापर्यंत नेऊन सोडायची. आवाजावरून माणूस ओळखायची मी. साहेब लोकसुद्धा म्हणायचे, बाई बोर्डावर असल्या की नंबर सांगावा लागत नाही.

तर झालं काय, केबलवर जुनी चौकी परत दाखवायला लागले. शनिवारी जुनी, आणि रविवारी नवीन काढलेली, नव्या नटांची. जुनी मला शब्दन् शब्द ऐकू यायची. नवीन लागली की नुसतं बुडबुड. मी केबलवाल्याला रस्त्यात गाठलं. तो सिंधी, आमच्याच कॅम्पातला, मला 'अदी' म्हणायचा, म्हणजे त्यांच्यात ताई.

"चित्र पूरा देते हो और आवाज आधा?" मी म्हटलं.

"अदी, आवाज क्या पानी है, जो बीच में कोई नल खोल ले?"

तरी बिचारा आला. रिमोट हातात घेऊन आवाज वाढवत गेला. मुलीने कानात बोटं घातली. पलीकडच्या खोलीतून भिंतीवर थाप आली, तेव्हा त्याने आवाज कमी केला आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला, "अदी, केबल बराबर है. पूरी चाळ को सुनाई दे रहा है."

"तो मेरेकोच क्यूं नहीं?"

त्याने रिमोट मुलीच्या हातात दिला. मग गेला. मी मागून म्हटलं, याला धंदा येत नाही.

पुढच्या शनिवारी मी मेथी निवडत जुनी चौकी बघत होते. तो भाग माझा लाडका, म्हातारा कप्तान आपल्याच यानाचं नाव विसरतो तो. मी त्याच्या बरोबरीने बोलत होते, हसायचं तिथे हसत होते. मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, काय म्हणाला तो आत्ता?"

मी अख्खं वाक्य म्हणून दाखवलं.

"मी आवाज केव्हाचा बंद केलाय."

मी म्हटलं, काहीतरीच. तिने रिमोट वर धरला. पडद्याच्या कोपऱ्यात कर्ण्यावर काट मारलेली होती. मला तर तो म्हातारा अजून ऐकू येत होता. माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. वीस वर्षांचं पाठांतर माझ्या कानांच्या जागी बसून ऐकत होतं, आणि मला पत्ता नव्हता.

बोर्डावरही तेच चाललेलं असणार. रोजचे लोक, रोजची वाक्यं. अमक्याला द्या, तमका आला का. अर्धं ऐकू आलं की उरलेलं मी मनाने भरायची. मी मुलीकडून वचन घेतलं, बाबांना सांगायचं नाही. ती म्हणाली, "आणि कुणी नवीन काही सांगितलं तर?" मी म्हटलं, "बारा वर्षं बसतेय मी त्या खुर्चीवर, तू मला शिकवू नकोस." कळलं होतं मला. पण ती खुर्ची गेली तर मी कोण, पाकिटं चिकटवणारी? दीड वर्ष काढलं मी तसं. 'परत सांगा' म्हणायची मला चोरी झाली होती. परत सांगा म्हटलं की कळणार. म्हणून विचारायचंच नाही.

आमच्याकडे मशीनशॉपला एक फिटर होता, बदलापूरजवळच्या चामटोलीचा, शेतकरी घरातला. त्याची आई दम्याने पंधरा दिवस बदलापूरला दवाखान्यात होती. एक दिवस दुपारी फोन आला. बूथवरून होता, मागे रिक्षांचा गोंगाट. त्याचा धाकटा भाऊ. मला ऐकू आलं ते एवढंच: "दादाला सांगा... आई... सुटली..." पुढे काहीतरी होतं. मी "हो हो" म्हणून ठेवून दिला.

आता बघा, आपल्याकडे माणूस दवाखान्यातूनही सुटतं आणि जगातूनही सुटतं. मी त्याला बोलावून घेतलं. "दादा, घरून फोन होता. आई सुटली," म्हटलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नुसतं सांगितलं असतं तर कदाचित 'बरं झालं' म्हणाला असता. माझ्या त्या हाताने तो मटकन पायरीवर बसला. "कधी?" म्हणाला. मी म्हटलं, "आत्ताच." ते मला कुणी सांगितलं होतं? मीच भरलं. मग गावात ज्यांच्याकडे फोन होता तिथे मीच नंबर लावून दिला, आणि तो रडत रडत तयारीचं सांगत होता.

दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला. कँटीनमध्ये सगळ्यांना हसून हसून सांगत होता. हा धावत दवाखान्यात पोचला तर म्हातारी फाटकाशी बोचक्यावर बसलेली. त्याने तिच्या मांडीत डोकं खुपसलं. ती म्हणते, "अरं, कोन मेला?" घरी नेली तर दारात बाया गळा काढून बसलेल्या, बांबू कापून तयार. तिने बांबू हातात घेऊन बघितले आणि म्हणाली, "चांगले हायेत. आता दुधीचा मांडव घाला."

सगळे पोट धरून हसले. तो मला पेढा देत म्हणाला, "शब्दाची चूक ताई, तुमची नाय. सुटली म्हंजे दोन्ही."

मी पेढा खाल्ला. घरी येऊन मीही गंमत म्हणून सांगितली. मिस्टर हसले. मुलगी हसली नाही. "आई, त्या काकांच्या भावाने नुसतं 'सुटली' एवढंच म्हटलं होतं का?"

रात्रभर ते डोक्यात. सकाळी बोर्डावर न जाता आधी मशीनशॉपला गेले आणि फिटरला विचारलं. म्हणाला, "काल रात्री भावाला विचारलं. तो तर म्हनतो, दवाखान्यातून सुटली, रिक्षा घेऊन ये, असं सांगितलं होतं."

"बरोबर सांगितलं होतं त्याने," मी म्हटलं. "मला ऐकू आलं नाही. मला दीड वर्ष नीट ऐकू येत नाही."

त्याचं हसू उतरलं. हात पुसायचा बोळा तो तसाच चुरगळत राहिला. मग म्हणाला, अगदी माझ्या तोंडासमोर म्हणाला, म्हणून सगळं समजलं: "अंबरनाथ ते बदलापूर मी काय म्हनत होतो माहितीय, ताई? म्हनत होतो, काल मी तिला भेटायला का नाय गेलो. ते तुम्ही मला दिलंत." आणि मशीनकडे वळला. त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तिथूनच मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब कागदावर सह्या करत होते. मी सगळं सांगितलं, चौकीपासून नाही, पण फोनपासून. मान खाली घालूनच ते काहीतरी बोलले. आधीची मी असते तर "हो साहेब" म्हणून बाहेर आले असते. माझ्या तोंडावर आलंही होतं ते.

"साहेब, वर बघून बोला," मी म्हटलं. "खाली बघून बोललात ते मला समजलं नाही."

त्यांनी पेन ठेवलं. वर बघितलं. "नवीन मुलीला शिकवायला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आठवडा द्या."