पाथरवटाने कोरलेली वंशावळ

त्या वस्तीत मेलेल्या माणसाचं नाव दगडावर उतरवायचं असलं की लोक पाथरवटाकडेच जात. दुसरा कोणी नव्हता असं नाही, पण दुसऱ्याची अक्षरं पावसापाण्याने बुजत आणि ह्याची बुजत नसत. माणूस वाईट नव्हता, हेकेखोर होता. चहा गार झाला तर गारच पिऊन टाकायचा, पण गरम करून द्या म्हणायचा नाही.

एक गोष्ट त्याला फार चांगली जमायची, ती म्हणजे नावं गाळणं. कबरीच्या दगडावर कोणाकोणाचं नाव घ्यायचं यावरून नातेवाईक त्याच्याकडे येऊन भांडत. पळून जाऊन लग्न केलेला मुलगा नको, पहिली बायको नको, तुरुंगात गेलेला भाऊ तर नकोच नको. पाथरवट सगळं ऐकून घ्यायचा आणि ओळी अशा बेताने मांडायचा की गाळलेल्या माणसाची जागासुद्धा दिसू नये. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्याला त्याचा थोडा तोराही होता.

मग त्याच्याच घरात गाळावंसं नाव निघालं.

त्याची मुलगी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर कामाला होती. लग्न झालेलं नसताना तिला दिवस गेले. मुलाचा बाप कोण ते तिने सांगितलं नाही. तो निघून गेलाय आणि परत येणार नाही, एवढंच सांगितलं. पाथरवटाने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, असं त्याची बायको म्हणायची. त्याने फक्त मुलीचं नाव घेणं सोडलं. ‘तिला सांग’, ‘तिचं ताट वाढ’, ‘ती आली का’. एका छपराखाली राहून बापाच्या तोंडी आपण नुसती ‘ती’ उरलो, हे त्या पोरीला किती लागत असेल! नात जन्मली तेव्हा तो दाराशी उभा राहिला, लांबून बघितलं आणि कामाला निघून गेला.

आता नातीचा बाप्तिस्मा ठरला होता. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत अशी रीत होती की बाळाचं पूर्ण नाव बापाने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. बाप नसेल तर आजोबाने. दोघांपैकी कोणीच उभं राहिलं नाही, तर उपासना संपल्यावर आतल्या खोलीत मंडळीचे पाळक आणि आई मिळून उरकून घेत.

“अहो, रविवारी उभे राहाल ना?” बायकोने विचारलं.

“बापाच्या नावापाशी काय सांगू? या लोकांना मला रोज तोंड दाखवायचं असतं.”

“म्हणजे लेकरू आतल्या खोलीत न्यायचं? लपवून आणल्यासारखं?”

“तिला काय करायचं ते करू दे,” असं म्हणून तो उठला.

हातात तेव्हा त्याच्या मोठं काम होतं. प्रार्थनामंदिराच्या नव्या भिंतीत बसवायला पाळकांनी त्याला एक मोठी शिळा सांगितली होती, आणि तिच्यावर बायबलातली अब्राहामापासून येशूपर्यंतची वंशावळ. ती वाचायची पाळी आली की वाचणाऱ्याची जीभ अडखळते आणि ऐकणारे डुलक्या काढतात. निदान भिंतीवर तरी लोक वाचतील, असा पाळकांचा हिशेब.

पाथरवट दगड तिरका उभा करून नेहमी शेवटच्या ओळीपासून वर कोरत जायचा. वरून सुरुवात केली की भुकटी खालच्या पेन्सिलीच्या खुणांवर पडते आणि खुणा पुसतात. त्याने पाळकांच्या कागदावरून नावं तेवढी उचलली आणि हाताच्या सवयीने नेहमीच्या साच्यात बसवली: अमक्याचा पुत्र तमका. तेव्हा सगळ्यात आधी कोरून झाली ती शेवटची ओळ: ‘योसेफाचा पुत्र येशू’.

बायकोचा गुडघा धरला होता म्हणून त्या दुपारी डबा घेऊन मुलगी आली, बाळाला खांद्यावर टाकून. डबा ठेवला आणि निघता निघता तिने दगडाकडे बघितलं.

“बाबा, हे चुकलंय.”

“दगडातलं मला शिकवू नकोस!” पाथरवट उसळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आपण तिच्याशी थेट बोललो, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

“दगडातलं नाही, शास्त्रातलं. योसेफाचा पुत्र असं तिथे कुठे आहे? मरीयेचा नवरा योसेफ, आणि मरीयेपासून येशू. वरपासून सगळीकडे बाप आणि मुलगा, बाप आणि मुलगा, आणि शेवटी येऊन…” तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “शेवटी नाही.”

ती गेली. पाथरवटाने कागद काढला आणि बोट ठेवून शब्दन् शब्द वाचला. ती ओळ तर चुकलीच होती, पण वरच्या खुणांतही त्याने बायका साफ गाळल्या होत्या. कोणी न सांगता.

संध्याकाळी पाळक काम बघायला आले, तेव्हा डबा तसाच पडलेला होता.

“ही तामार,” कागदावर बोट आपटत पाथरवट म्हणाला. “सासऱ्यापासून दिवस गेलेली. ही राहाब, देह विकणारी. ही रूथ, परक्या मुलखातली विधवा. आणि ही उरियाची बायको, नवऱ्याला मारवून दावीद राजाने घरात आणलेली. पाळकसाहेब, असली नावं माझ्याकडे आली तर घरचे हात जोडून सांगतात, एवढी गाळा. हे लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नाही?”

“सांगितलं असेल. त्याने ऐकलं नाही.” पाळक खडीवरच टेकले. “खरं सांगू? मीसुद्धा ही यादी उरकून टाकतो. पण देवाला स्वच्छ घराणं हवं असतं तर कुठेतरी मिळालंच असतं. त्याने हे घेतलं. यातली नावं गाळली असती, तर तुम्ही-आम्ही कोणत्या तोंडाने त्या घरात शिरलो असतो?”

“आणि योसेफ? त्याचं तर रक्ताचं नातं नाही. तरी सगळी वंशावळ त्याच्या घरावरून जाते.”

“जाते खरी. तो मरीयेच्या बाजूला उभा राहिला म्हणून जाते.”

रविवारचा विषय पाळकांनी काढला नाही. शहाणपणाने काढला नाही की विसरले, देव जाणे. त्यांच्याबाबतीत दोन्ही शक्य होतं.

दगडावरचं पुसता येत नाही. अक्षर जेवढं खोल, तेवढी अख्खी शिळा घासून खाली आणावी लागते. पाथरवट पाणी ओतून घासत बसला, हात सुजेपर्यंत. मग नव्याने खुणा केल्या. बायकांना जागा हवी म्हणून राजांची अक्षरं बारीक केली. राजांकडून काही तक्रार आली नाही. घरी मात्र तो अवाक्षर बोलला नाही आणि बायकोनेही विचारायचं सोडून दिलं.

रविवारी मुलगी बाळाला घेऊन शेवटच्या बाकावर बसली, आतल्या खोलीच्या दाराजवळ. वेळ झाली तसे पाळक पाण्याच्या पात्रापाशी जाऊन रीतीप्रमाणे थांबले. कोणी पुढे येईना. पुढच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात पाथरवट उठला आणि पुढे न जाता मागे चालत गेला. मुलीसमोर उभं राहून त्याने दोन्ही हात पुढे केले. तिला आधी कळलंच नाही. मग तिने बाळ त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या मागोमाग निघाली.

“बाळाचं नाव?” पाळकांनी विचारलं.

त्याने नातीचं नाव सांगितलं. पुढे बापाचं नाव यायचं, तिथे तो थांबला. सगळी मंडळी कान टवकारून बसली. पाथरवटाने मुलीकडे बघितलं आणि बापाच्या नावाच्या जागी तिचं नाव घेतलं, एकही अक्षर न गिळता, मागच्या बाकापर्यंत जाईल असं. त्यापुढे आपलं आडनाव जोडलं.

लोकांना काय बोलायचं ते मागाहून बोलले. पण तिला त्या क्षणी वाटलं, बाबांनी हाकच मारली. पाळकांचा हात पाण्यात बुडायच्या आत ती नकळत म्हणाली,

“ओ, बाबा.”