शंकरपटात वाजला बँड

मनकर्णेनं पहिला बँड ऐकला तो नागभीडकडच्या तिच्या सासरगावी, त्रेपन्न सालच्या शंकरपटात. धान मळून झालं होतं आणि पंचक्रोशीतले बैल शर्यतीसाठी गावात उतरले होते. तिचा नवरा वारलू पटाचा भारी शौकीन. त्याची पांढरी जोडी त्या दिवशी धावणार होती. गावच्या जुन्या जमीनदार मालगुजारानं हौसेनं चांद्याहून नूरुद्दीन मास्तरांची बँडपार्टी आणवली होती.

लाल कोटातली माणसं बैल धावायच्या दाणीच्या कडेला उभी राहिली. मास्तरांनी मान हलवली आणि सगळ्या पितळी वाद्यांतून एकदम आवाज उसळला. तोवर मनकर्णेला लग्नातली सनई आणि दंडारीच्या खेळातली ढोलकी तेवढी ठाऊक. हा ढोल मात्र आपल्या छातीतच कोणी बडवतंय असं तिला वाटलं. अंगावर सरसरून काटा आला.

बैलांनाही तसंच काही वाटलं असावं. एक जोडी छकड्यासकट उधळली आणि चिवड्याच्या दुकानात घुसली. कोणाला लागलं नाही, चिवडा तेवढा मातीत गेला. पंचांनी बँडवाल्यांना हाकललं. मास्तर आपली माणसं घेऊन पार तलावाच्या बांधावर, पाळीवर गेले आणि तिथं पुन्हा वाजवू लागले.

मनकर्णेचे पाय तिकडे वळले.

"वारलूची जोडी आता सुटते. कुठी चाललीस?" सासू शकुबाईनं विचारलं.

"पानी पिऊन येतो, आत्याबाई."

पाळीवर ऐकायला होते कोण, तर दोन गुराखी आणि एक म्हातारा कोळी. तरी मास्तर डोळे मिटून क्लॅरिनेट वाजवत होते, गाल फुगवून, मानेच्या शिरा ताणून. मनकर्णा हाताच्या अंतरावर बसली. मागं दाणीवर एकच गलका उठला. आपलीच जोडी सुटली असणार, हे तिला कळलं. तिनं मान वळवली नाही.

गुलालानं माखलेला वारलू तिला शोधत आला.

"पयला नंबर आला. पायलंस ना?"

"नाई. मी इथीच होती."

त्याचा चेहरा पडला. "नवऱ्याची जोडी धावून राह्यली, अन् तू इथी?"

"ऐकून तं पाहा. मंग रागवा."

तो रागातच बसला. दोन गाणी झाली. तिसऱ्याला त्याचा गुडघा हलायला लागला. सूर्य तलावात उतरेपर्यंत दोघं उठली नाहीत.

पण तिच्या सगळ्यात आवडीचा बँड तो छप्पन सालचा. चांद्याला दुपारी दोन बँडपार्ट्यांचा मुकाबला होता. वारलू म्हणाला, "चाल, जाऊ." शकुबाईनं नाक मुरडलं, "बाईमानसाचं काय काम तिथी?" आणि सुनेवर लक्ष ठेवायला म्हणून नॅरोगेजच्या लहान गाडीत सगळ्यांच्या आधी तीच चढून बसली.

परकोटाजवळच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या पार्टीनं सुरुवातीलाच मैदान दणाणून सोडलं. मग नूरुद्दीन मास्तरांनी एक सूर धरला. तो वर वर चढत गेला, बारीक झाला, तुटला असं वाटलं, आणि तुटला नाही. मनकर्णेनं स्वतःचाच श्वास कोंडून धरला होता. सूर खाली उतरला तशी ढोलावर थाप पडली आणि हजार माणसं एकदम ओरडली. तीही ओरडली. जन्मात कधी ती एवढ्या मोठ्यानं ओरडली नव्हती. तिनं बाजूला पाहिलं, तर शकुबाई गायब.

दोघांनी घाबरून शोधलं. म्हातारी गर्दी रेटत पार पुढं पोचली होती, मोठ्या ढोलाला जवळजवळ खेटून.

"आई, गाडीची वेळ झाली," वारलू तिच्या कानाशी म्हणाला.

"जाऊ दे गाडी," शकुबाई म्हणाली. "त्याहीचं अजून संपलं नाई."

मनकर्णेनं नवऱ्याकडे पाहिलं. मग पदर कमरेला खोचून ती सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिली.