गल्लीतला बर्फ

कॅनडातल्या हॅलिफॅक्स गावी शिकत असताना मी वसंतकाकांच्या वरच्या खोलीत राहत असे. तिथल्या वाचनालयात त्यांच्या जलरंगांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते कोपऱ्यातल्या खुर्चीत स्वेटर घालून असे बसले होते, जणू भिंतीवर दुसऱ्याच कुणाची चित्रं आहेत.

मिरजेहून आलेल्या काकांनी तीस वर्षं पावाच्या कारखान्यात काढली. चित्रं फक्त रविवारी. लोक घाट, देवळं, हत्ती मागायचे आणि काका ते काढून द्यायचे. "हत्ती मी सर्कशीतच पाहिला होता रे," ते एकदा म्हणाले. निवृत्त झाल्यावर मात्र ते खिडकीत बसून समोरची गल्ली रंगवू लागले. जलरंगात पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडतात. बर्फ नीट सोडायला शिकण्यात त्यांचे दोन हिवाळे गेले.

प्रदर्शनात हत्ती नव्हते. लोक येत, जरा घुटमळत, निघून जात. इतकी वर्षं राहिल्यावर गाव आपलं झालं हे नेमकं कुणी ठरवायचं, असं मला वाटत राहिलं.

मग समोरच्या घरातल्या मार्गारेटबाई आल्या. फावड्याने बर्फ उपसणाऱ्या म्हाताऱ्याच्या चित्रापुढे त्या थबकल्या. त्यांचे यजमान आदल्या वर्षीच गेले होते.

"टोपी अशीच घालायचा. एक कान उघडा," त्या हळूच म्हणाल्या.

काका उठले आणि चित्र भिंतीवरून काढू लागले.

"काका, प्रदर्शन अजून तीन दिवस आहे," मी म्हणालो.

"असू दे. आमच्या गल्लीतला माणूस आहे तो. घरी जाऊ दे त्याला."