सात वाट्या सूप आणि एक जाहीर खुलासा

घटनाक्रम पुढीलप्रमाणे आहे. सोमवारी सूप शिजले. मंगळवारी त्याचे वाटप झाले. बुधवार ते शुक्रवार वाट्या परत आल्या. शनिवारी माझ्या रक्तातील साखरेचा अहवाल आला. जबाबदार व्यक्ती : तळमजल्यावरील हौसाबाई, समोरच्या सदनिकेतील कांबळे मॅडम, दुसऱ्या मजल्यावरील श्री. जाधव, आणि माझी पत्नी, जिने 'मूठ' हे अप्रमाणित माप वापरले. या यादीत माझे नाव नाही, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

पत्नीला संगमनेरला जायचे होते. तिघी बहिणी कित्येक वर्षांनी थोरलीकडे आठ दिवस एकत्र राहणार होत्या. यापूर्वी दोनदा हा बेत ठरला आणि दोन्ही वेळा माझ्या साखरेमुळे मोडला. या खेपेस तिने अट घातली : आठवडाभर डॉक्टरांनी सांगितलेले डाळी-भाज्यांचे सूप मी स्वतः करून रात्री तेच घ्यायचे, शनिवारचा अहवाल ठीक आला, तर रविवारी सकाळी ती नाशिक फाट्यावरून बस पकडणार. तिची लाल बॅग सोमवारपासूनच दारामागे भरून उभी होती. मी येता-जाता तिच्याकडे पाहत असे आणि ती माझ्याकडे. (बॅग.)

"सगळ्या डाळी मूठ मूठ घ्या," पत्नीने सांगितले.

आता, भोसरीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे तपासनीस होतो. मायक्रोमीटरने मोजल्याखेरीज मी कोणाचा नटसुद्धा मान्य केलेला नाही. मूठ म्हणजे कोणाची मूठ? उघडी की मिटलेली? या प्रश्नांना उत्तर न मिळाल्याने मी मूठ रद्द केली आणि घरातील एकमेव प्रमाणित माप, म्हणजे तांदळाच्या डब्यातला मोठा पेला, स्वीकारला. मूग एक पेला. मसूर एक पेला. तूर एक पेला. हरभऱ्याच्या डाळीवर अन्याय नको म्हणून तीही एक पेला.

डाळ फुगते ही बाब मला कोणीही लेखी कळवली नव्हती. कुकर भरला. मी सामग्री पातेल्यात हलवली. पातेले भरले. त्यात गाजर, दुधी, लाल भोपळा आणि पालक शिरल्यावर मिश्रण इतके घट्ट झाले की डाव त्यात कोणाच्याही आधाराशिवाय उभा राहिला. पाणी घातले, तर डाव पडला पण चव गेली. चवीसाठी आणखी डाळ घातली. शेवटी पाहुण्यांच्या भाताचे पातेले माळ्यावरून काढावे लागले. पत्नी दारात उभी राहून पाहत होती. तिने पदर तोंडाला लावला होता, वाफेमुळे असावा.

अन्न टाकणे मला मान्य नाही. शिवाय कारखान्यात आमचा दंडक असे की पहिला नमुना दुसऱ्या कोणी तपासल्याखेरीज माल पुढे जायचा नाही. म्हणून मंगळवारी मी सात वाट्या भरल्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावली ('घट्टपणा, मीठ व चव यांवर लेखी शेरा द्यावा, वाटी सात दिवसांत परत करावी') आणि इमारतीत वाटल्या. मला मधुमेह आहे हे चिठ्ठीत लिहिले नाही. ती खासगी बाब आहे.

बुधवारी संध्याकाळी पत्नी बागेत चालायला गेली असता हौसाबाई वर आल्या. त्या या गावच्या मूळच्या. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिथे त्यांचा ज्वारीचा मळा होता. माझ्या वाटीवर त्यांनी एक डबा ठेवला होता. डब्यात दोन पुरणपोळ्या होत्या, आणि त्यांच्यावर तूप.

"हौसाबाई, हे कशाला?"

"रिकामी वाटी कशी द्यायची? आमी न्हाई देत." मग त्यांनी तोंडी शेरा दिला. "सूप ग्वाड न्हवतं, पर म्हशीला आवडलं असतं."

मी पोळ्या खाणार नव्हतो. कायदेशीर मार्ग एकच होता, तो म्हणजे हस्तांतरण. मी त्या पोळ्या स्वच्छ ताटलीत घालून समोर कांबळे मॅडमकडे पोचवल्या. अर्ध्या तासात ताटली आणि सुपाची वाटी दोन्ही परत आल्या. ताटलीत एक पुरणपोळी होती ("दोघांत एक पुरे झाली, काका") आणि वाटीत काठोकाठ खीर. म्हणजे एका पोळीच्या मोबदल्यात मी खीर मिळवली होती. असेच हस्तांतरण चालू ठेवले असते तर आठवडाअखेर माझ्याकडे हलवायाचे दुकान झाले असते.

गुरुवारी जाधव आले. ते मूळचे लातूरचे, चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला असतात. वाटीवर गुळाच्या तीन पोळ्या. शुक्रवारी चौथ्या मजल्यावरचे तरुण दांपत्य वाकडच्या कार्यालयातून घरी येतानाच गुलाबजाम घेऊन आले. सर्व वस्तू मी मुद्देमाल म्हणून जुन्या फायलींमागे ठेवल्या, आणि नाशवंत मुद्देमालाची विल्हेवाट तत्काळ लावावी या तत्त्वानुसार ती लावली. एकट्याने. पत्नी बागेतून येण्यापूर्वी. त्यानंतर रोज रात्री तिच्यासमोर मी शिस्तीत सूप प्यालो.

शनिवारी अहवाल आला. पत्नीने तो दोनदा वाचला.

"सुपात साखर घातली होती का?"

"नाही."

"मग एवढी वाढली कशी?"

मी प्रयोगशाळेला पत्र लिहायला घेतले. 'आपल्या उपकरणांच्या अचूकतेबाबत' इथपर्यंत आलो, तोच मागे चेन उघडल्याचा आवाज झाला. पत्नी बॅगेतून साड्या काढून कपाटात ठेवत होती. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी उत्तर दिले असते. तिने मोरपंखी साडी, जी बहिणींसाठी खास इस्त्री केली होती, घडी न मोडता आत सरकवली आणि म्हणाली, "थोरलीला कळवते, पुढच्या वर्षी बघू."

त्याच क्षणी दारात हौसाबाई उभ्या राहिल्या. "डबा न्यायला आले. पोळी कशी झाली व्हती? दोन्ही तुमीच खाल्ल्या व्हय?"

पत्नीने कपाटाचे दार लावले आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मात्र आरोपी मोकळे सोडायचे नाहीत, हा माझा स्वभाव. मी जाधव, कांबळे मॅडम आणि हौसाबाई यांना खाली सूचनाफलकापाशी बोलावले. पत्नीही आली. रुग्णाला न विचारता गोड पदार्थ पोचवण्याचा अधिकार यांना कोणी दिला, असा थेट प्रश्न मी विचारला.

जाधव शांतपणे म्हणाले, "काका, फलकाची किल्ली द्या जरा."

किल्ली माझ्याकडेच असते. त्यांनी काच उघडली, पाण्याची टाकी धुण्याची सूचना बाजूला केली आणि तिच्याखालचा पिवळा कागद दाखवला. 'आमच्या घरून गेलेली खिरीची वाटी रिकामी परत आली, हा संस्कारांचा भंग आहे. यापुढे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करणाऱ्याचे नाव या फलकावर जाहीर करण्यात येईल.' खाली सही. सही सुवाच्य होती. मी नेहमीच सुवाच्य सही करतो.

"आम्ही तर घाबरूनच करतो काका," कांबळे मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी घरात खीर नव्हती. तुमची वाटी बघून दूध आणलं."

पत्नी हसू लागली. ती हसता हसता पायरीवर बसली, मग उठून वर गेली आणि बॅग पुन्हा भरू लागली. या वेळी साड्यांच्या वर तिने घरातल्या सगळ्या वाट्या ठेवल्या. लहान, मोठ्या, चांदीची एक, सगळ्या.

"अगं, वाट्या संगमनेरला कशाला?"

"तुमच्या हातात वाटी नको. वाटी नाही तर वाटप नाही, आणि वाटप नाही तर साखर नाही."

युक्तिवाद निर्दोष होता. रविवारी सकाळी ती गेली. बॅग जिन्यावरून अखेरपर्यंत खणखणत होती.

आता माझी जाहीर मागणी. सदर पिवळ्या कागदाच्या लेखकाने, कोणत्या अधिकारात सबंध इमारतीला धाक घातला, याचा खुलासा सर्व सभासदांसमोर सूचनाफलकापाशी करावा. तशी नोटीस मी फलकावर लावली असून लेखकास सात दिवसांची मुदत दिली आहे. आज सहावा दिवस आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही, आणि मी त्याला गेली अडुसष्ट वर्षे ओळखत असल्याने सांगतो, तो उत्तराऐवजी उलट पत्रच लिहील. तोपर्यंत मी सूप थेट पातेल्यातून पीत आहे.