सोनाळ्याकडून आलेली गाडी

आगमनकाळातला तो आठवडा मी अजून विसरलो नाही. आम्ही नगरकडची माणसं. माझी शाळा मराठी तिसरीतच सुटली, आणि लग्न झाल्यावर पोटासाठी बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन मी वऱ्हाडात आलो. इथं एका जीनमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काम लागलं. गाड्यांतून उतरलेल्या कापसाच्या गंजीवर उभं राहून टोपल्या भरून द्यायच्या, असं ते काम. राहायला आवारातच पत्र्याची खोली मिळाली. आसपास आमच्या धर्माचं एकही घर नव्हतं. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार माझी आई पाळायची. पहाटे दिवा लावून प्रभूच्या येण्याची वाट पाहायची. तेवढं एक मी इथं चालू ठेवलं होतं. बाकी माझा विश्वास फार मोठा होता असं मी म्हणणार नाही. मी मुळातच भित्रा माणूस.

दुसरा रविवार होऊन गेला आणि एका भरदुपारी गंजी पेटली. आम्ही पाणी ओतलं, पेटता कापूस ओढून वेगळा केला. जीन वाचली, पण निम्मी गंजी काळी पडली. कुणीतरी बिडी ओढली असणार, असं सगळ्यांनी धरलं. जीनच्या मालकानं, शेठजींनी, मुकादमाला सांगितलं, माणूस शोध, नाहीतर पोलिसात जाऊ.

मुकादमानं इथल्या रीतीनं शोध चालवला. फाटकापाशी महादेवाचं लहानसं देऊळ आहे. तिथं ताटात बेल आणि भंडारा ठेवला. गंजीवर काम करणाऱ्या प्रत्येकानं तो उचलायचा आणि आग आपण लावली नाही असं बोलायचं. खोटा बेल उचलला तर वंश बुडतो असं इथं मानतात, म्हणून उचलणाऱ्याचा शब्द कुणी मोडत नाही. एकेकानं उचलला. माझी पाळी आली.

"आग मी लावली नाही," मी म्हणालो, "पण बेल मी उचलणार नाही."

"खरा असशील तं भेतं काऊन बे?" मुकादमानं विचारलं.

मी आपलं मोडकंतोडकं सांगितलं, की आमच्या प्रभूनं आम्हाला कसलीच शपथ वाहू नका असं शिकवलंय. माझं नाही म्हणणं तेवढंच धरा. मागून कुणीतरी म्हणालं, याचा देव बिडीले हो म्हणते अन् बेलाले नाही म्हणते. सगळे हसले. मुकादम हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता. रविवारी बाजारामुळं जीन बंद असते, त्या सकाळपर्यंत त्यानं मला मुदत दिली. तोवर बेल उचलला तर गोष्ट मिटली, नाहीतर पोलीस शिपाई येईल आणि पुढं बुलढाण्याच्या कचेरीत काय ते होईल, असं त्यानं बजावलं.

ते दिवस कसे गेले ते आम्हालाच माहीत. पाण्याच्या रांजणापाशी मी गेलो की माणसं बाजूला व्हायची. बायको चुलीसाठी विस्तव मागायला शेजारी गेली, तर शेजारीण म्हणाली, "तुमच्या घरी तं आग लय हाये, बाई." बायको रिकामी खापरी घेऊन परत आली. त्या संध्याकाळी ती मला हळूच म्हणाली, "देवाला आपलं मन ठाऊक आहे ना? पानं उचलायची आणि खाली ठेवायची. ह्या थंडीत पोरीला घेऊन कुठं जायचं?" तिचं म्हणणं मला पटत होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

रविवारी पहाटे दिवा लावला, पण प्रार्थना सुचेना. प्रभो, मला धीर नाही, तूच मला धर, एवढंच म्हणालो. आणि खरं सांगतो, बेल उचलायचं ठरवूनच मी घरातून निघालो. देवळापुढं उभा राहिलो, हातही पुढं केला. मग काय झालं ते मला सांगता येत नाही. भीती गेली नव्हती. पण हात मागं आला, आणि 'नाही' हा शब्द मी माझ्याच तोंडून ऐकला.

मुकादमानं शिपायाला बोलावणं धाडलं आणि मला फाटकाशी बसवून ठेवलं. थोड्या वेळानं बायको पोरीला घेऊन आली आणि शेजारी बसली. मी रस्त्याकडं बघत होतो. दूर धूळ उठली की शिपाईच आला असं वाटायचं.

धुळीतून आली ती कापसाची गाडी. बाजारामुळं वजनाचा काटा बंद होता, तरी दुसऱ्या दिवशीचा नंबर धरायला गाड्या आदल्या दिवशीच येऊन रांगेत लागायच्या. गाडीवान सोनाळा गावचा, उतारवयाचा. मला असं बसवलेलं पाहून त्यानं रांगेतल्या लोकांना विचारलं, त्यांनी सगळं सांगितलं. त्यानं बैल सोडले. मग गाडीतला थोडा कापूस सारून त्यानं खालच्या गोणपाटाचं टोक ओढलं आणि मुकादमाला जवळ बोलावलं. गोणपाटाला तळहाताएवढं जळकं भोक होतं.

"त्याले उठवा," तो म्हणाला. "आग मह्या गाडीतून आली."

मागच्या खेपेला रांगेत थांबले असताना गाडीवानांनी शेकोटी केली होती. ठिणगी त्याच्या कापसात गेली असावी. कापूस आतल्या आत धुमसत राहतो, वरून दिसत नाही. तो कापूस गंजीवर रिकामा करून तो निघून गेला, आणि पुढं गंजी पेटली. घरी गेल्यावर भोक दिसलं, पण भाऊ म्हणाला, कुणाले सांगू नको. म्हणून भोक कापसाखाली झाकलं जाईल असं त्यानं गोणपाट अंथरलं होतं. मुकादमाला हे खरं वाटेना. तेव्हा त्या म्हाताऱ्यानं हात धुतले, ताटातला बेल उचलला आणि तेच पुन्हा सांगितलं. मुकादमानं मला उठवलं आणि शिपायाला येऊ नको असा निरोप धाडला. शेठजींनी त्याला चार शब्द सुनावले आणि त्या दिवसापासून रांगेतली शेकोटी बंद झाली.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. "तू नाही म्हणत राह्यला," तो म्हणाला, "म्हून मले हो म्हणा लागलं."

मी त्याचे हात धरले. संध्याकाळी शेजारीण आपणहून खापरीत विस्तव घेऊन आली आणि चुलीपाशी ठेवून गेली. त्या विस्तवावर आम्ही भाकरी केल्या.

मी बेल उचलला नाही, आणि त्यानं बेल उचलूनच मला सोडवलं. यावर मी पुष्कळ विचार केला, पण त्याचा अर्थ लावायला मी फार लहान माणूस आहे. त्या सकाळी मी शिपायाची वाट बघत होतो, आणि ज्याची वाट बघायला आईनं शिकवलं होतं तो त्याच रस्त्यानं आला, एवढंच मला कळतं. आता दर आगमनकाळात पहाटे दिवा लावतो तेव्हा कोणत्या वाटेनं ये हे मी देवाला सांगत बसत नाही. हात जोडतो, त्या गाडीवानाचं नाव घेतो, आणि वाट बघत बसतो.