आमच्या दुकानातलं लाजाळू चाक

माझी शाळा सातवीत सुटली. त्यामुळे शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. शिरूरला एसटी स्टँडजवळ रहीमचाचांचं मोटरी भरायचं दुकान आहे. जळलेली तार काढायची, नवी भरायची. मी आणि सोपान तिथं कामाला. अशा दुकानात भंगार आणि किस्से आपोआप साठतात. भंगार चाचा विकतात, किस्से माझ्याकडे राहिले.

दोन वर्षं मी फक्त जळकी तार काढली. नवी भरायला चाचा बसू देईनात. शेवटी धीर करून विचारलं.

"आधी सोताची मोटर करून दाव," चाचा म्हणाले. "दसऱ्याला दिवसभर चालली तर बस तार भरायच्या टेबलावर. मधी बंद पडली तर पडू दे. पण तूच ती परत चालू करायची."

मी सायकलचं चाक टांगलं. स्पोकला लोहचुंबक बांधलं, खाली तारेचं वेटोळं ठेवलं. चाकाबरोबर फिरणारा एक खिळा दर फेऱ्याला पितळी पट्टीला टेकणार, तेवढ्यापुरता वेटोळ्यात बॅटरीचा करंट जाणार आणि लोहचुंबकाला धक्का बसणार. एवढीच मोटर.

* * *

तीन दिवस चाक जागचं हललं नाही. सोपाननं लिंबू उतरून टाकलं, तरी नाही. चाचा समोर बसून शेंगा खात होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "शेंग सोलल्याबिगर खातोस का रं?"

तांब्याच्या तारेवर वार्निश असतं, त्यातनं करंट जात नाही. टोकं खरवडायची मी विसरलो होतो. दोन वर्षं तीच तार हाताळत होतो!

* * *

टोकं खरवडली. आता चाक वेटोळ्यापाशी यायचं, थबकायचं आणि मागं फिरायचं.

सोपान म्हणाला, "चाचा, ह्यो पोरगी बघाया गेला तवा असाच दारातनं माघारी आला व्हता."

चाचांनी चष्मा लावून चाक बघितलं. "म्हंजी हुबेहूब याचंच हाय."

धक्का लवकर बसत होता. खिळा बोटभर सरकवला आणि चाक पळालं. मी मात्र अजून तिथंच आहे.

* * *

राहू गावचे आबा दर बाजाराला यायचे आणि एसटी येईपर्यंत आमच्या बाकावर बसायचे. एका शनिवारी त्यांनी खिशातलं घड्याळ काढून माझ्या जादा लोहचुंबकांशेजारी ठेवलं. घड्याळ अडीचलाच अडकलं. आबा निवांत चहा पीत बसले, शेवटची गाडी निघून गेली.

दुकानात मुक्काम करावा लागला. सकाळी चाचांना म्हणाले, "रहीमभाई, माझी मोटर जळली तर या पोराच्या हातात देऊ नगा. चालती वस्तू बंद पाडतंय."

नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांची मोटर जळली आणि दुकानात येऊन पडली.

* * *

दसऱ्याला दुकानात हत्यारांची पूजा असते. चाचा मुसलमान, पण या बाबतीत त्यांच्याइतकं कडक कोणी नाही. पक्कड, पेचकस, कानस, सगळं पाटावर मांडलेलं. दिवसभर एकाही हत्याराला हात लावायचा नाही.

चाक सकाळपासून फिरत होतं. दुपारी आबा आपटा द्यायला आले. पूजा बघून त्यांनाही राहवलं नाही. त्यांनी ओल्या बोटांनी हळदकुंकू घेतलं आणि नेमकं पितळी पट्टीला लावलं. चाक थांबलं.

"झालं," सोपान म्हणाला.

पट्टी आणि खिळा यांच्या फटीत कुंकू बसून करंट तुटला होता. बोट आत जाईना. मी कानशीकडे बघितलं.

"आज न्हाई," चाचा म्हणाले.

"आवं, पण पोराचं टेबल जाईल की," आबाच कळवळले.

माझ्या हातात आबांनी दिलेली आपट्याची पानं होती. त्यातलं एक फटीत सारलं, घासून ओढलं. पान लाल झालं. दुसरं सारलं. मग चाकाला बोट लावलं. ते पळालं.

सोपान ओरडला, "चाचा, यानं पानाचं हत्यार केलं!"

चाचा गंभीर झाले. "आबा, तुमचं पान. तुमीच सांगा. हे हत्यार हाय का?"

आबांनी फिरत्या चाकाकडे बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "दसऱ्याला ते सोनं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारांवरचं हळदकुंकू पुसलं, टेबलावर बसलो, आबांची मोटर पुढ्यात घेतली आणि सगळ्यात आधी तारेची टोकं खरवडली.